मराठी शाळेत इंग्रजी शिकवायला घेताना: नव्यानं रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

जिल्हा परिषदेच्या शाळेत नवीन शिक्षक रुजू झाला की वेळापत्रकातली इंग्रजी बहुतेक वेळा त्याच्याच वाट्याला येते. माझ्याही आली. मी स्वतः मराठी माध्यमात शिकले. माझ्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली ती जून २००० मध्ये, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. म्हणजे ज्या वयाच्या मुलांना मी इंग्रजी शिकवणार होते, त्या वयात मी स्वतः ती शिकलेच नव्हते. मला शिकवलं गेलं तसंच मी शिकवायला लागले: वाक्य वाचा, अर्थ सांगा, शब्दार्थ लिहून द्या, प्रश्नोत्तरं पाठ करून घ्या. तीन वर्षं त्यात गेली. ती तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. आपल्या मुलांच्या कानावर समजेल अशी इंग्रजी पडते ती फक्त तुमच्या तोंडून. घरी कुणी बोलत नाही आणि मोबाइलवरची त्यांच्यासाठी फार वेगात जाते. म्हणून धडे किती संपले याच्याइतकंच, आज मुलांनी किती इंग्रजी ऐकली आणि त्यातली किती त्यांना कळली, याचा हिशेब ठेवा. पुढचं सगळं या एका हिशेबासाठी आहे.

हाताशी काय असावं

- तुमच्या इयत्तेचं बालभारतीचं पाठ्यपुस्तक आणि त्याच्या मागच्या इयत्तेचंही. मागचं पुस्तक जास्त उपयोगी पडतं.
- त्या इयत्तेच्या इंग्रजीच्या अध्ययन निष्पत्ती (वर्षाअखेर मुलाला काय काय यायला हवं त्याची यादी), छापून वहीत चिकटवलेल्या.
- मोबाइलवर दीक्षा हे सरकारी शैक्षणिक ॲप. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून ऑडिओ-व्हिडिओ रेंजमध्ये असतानाच उतरवून ठेवा. वर्गात रेंजच्या भरवशावर राहू नका.
- एक लहान ब्लूटूथ स्पीकर. नसला तरी अडत नाही.
- पाठकोरी कॅलेंडरं आणि लग्नपत्रिका, जाड स्केचपेन. शब्दपट्ट्या आणि चित्रकार्डं यातूनच होतात.
- मुलांसाठी चाररेघी वही.
- तुमची स्वतःची एक नोंदवही. तिचं काम पुढे येईल.

शाळेचं कपाटही एकदा उघडून बघा. जुन्या प्रशिक्षणांत मिळालेली कार्डं आणि गोष्टीची पुस्तकं बऱ्याच शाळांत तशीच गठ्ठ्यात पडून असतात.

१. पहिले तीन दिवस फक्त बघा

पुस्तक उघडायची घाई करू नका. मुलांना खरंच काय येतं ते तपासा, आणि तपासताना वाचन-पाठांतराला भुलू नका.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. धडा खणखणीत वाचायची. शेजारच्या वर्गातल्या बाई कौतुकानं डोकावून जायच्या. एक दिवस मी तिच्या बाजूला उकिडवी बसले आणि तिचं बोट बघितलं. तोंडातून तिसरी ओळ येत होती आणि बोट पाचव्या ओळीवर होतं. तिनं अख्खा धडा ऐकून पाठ केला होता. मी त्याच धड्यातला एक शब्द पाठकोऱ्या कागदावर लिहून पुढे धरला, तर तिला तो वाचता येईना. चूक तिची नव्हती. तिच्याकडून आम्ही एवढंच मागत होतो.

तेव्हा तपासणी अशी करा:

- हातवारे न करता सोप्या सूचना द्या: ‘स्टँड अप’, ‘कम हिअर’, ‘शो मी युवर पेन्सिल’. किती मुलं शेजाऱ्याकडे न बघता करतात?
- पुस्तकात नसलेले तीन अक्षरी शब्द वाचायला द्या.
- चित्र दाखवून ‘व्हॉट इज धिस?’ विचारा.
- घरी कोणती भाषा बोलतात, ते प्रत्येकाला विचारून लिहून ठेवा.

शेवटचा मुद्दा सोडू नका. मेळघाटातल्या मुलाची घरची भाषा कोरकू असते, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारकडे भिली-पावरी, तांड्यावर बंजारा. या मुलांसाठी पुस्तकातली मराठी हीच शिकायची भाषा असते आणि इंग्रजी त्याच्याही पुढची. तिथे मराठीत अर्थ सांगितला म्हणजे मुलाला कळला, असं धरून चालू नका. चित्र, वस्तू आणि कृती यांच्यावरच जास्त भर द्या.

२. दिवसाची ठरलेली कामं इंग्रजीत आणा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक पडला तो इथे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हजेरी, वह्या काढणं, दार लावणं, रांग करणं, हात धुणं, फळा पुसणं ही कामं रोज होतात, त्याच क्रमानं होतात आणि त्यांचा अर्थ डोळ्यांसमोर असतो. भाषा शिकायला याहून चांगली जागा नाही. सुरुवातीला दहाच वाक्यं घ्या:

‘गुड मॉर्निंग, सिट डाउन.’ ‘हू इज ॲबसेंट?’ ‘ओपन युवर बुक.’ ‘क्लोज द डोअर.’ ‘क्लीन द बोर्ड.’ ‘गिव्ह मी अ चॉक.’ ‘मेक अ लाइन.’ ‘वॉश युवर हँड्स.’ ‘लिसन.’ ‘व्हेअर इज युवर नोटबुक?’

पहिल्या आठवड्यात वाक्य बोला आणि सोबत कृती करून दाखवा. दुसऱ्या आठवड्यात हातवारे कमी करा. तिसऱ्या आठवड्यात वाक्य मुलांच्या तोंडी द्या, म्हणजे त्या दिवसाचा मॉनिटर सूचना देईल. मग दर आठवड्याला दोन नवी वाक्यं वाढवा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पंचवीसेक वाक्यं वर्गात सहज फिरू लागतात.

*इथला सापळा.* आपण इंग्रजी वाक्य बोलतो आणि लगेच मागून मराठी जोडतो: ‘ओपन युवर बुक, पुस्तक उघडा.’ मीही वर्षभर तेच करत होते. एकदा केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) एक अनुभवी बाई माझा तास बघायला मागे बसल्या. तास झाल्यावर म्हणाल्या, “मुलं तुमच्या इंग्रजीवर हलतच नाहीत. मराठी येईपर्यंत थांबतात.” दुसऱ्या दिवशी मी ‘क्लोज द डोअर’ म्हटलं आणि गप्प उभी राहिले. एकवीस जोडी डोळे माझ्याकडे लागले. मी मराठी बोलत नाही म्हटल्यावर मुलं एकमेकांकडे बघायला लागली. दाराजवळचा मुलगा अर्धवट उठला, पुन्हा बसला, माझ्या नजरेचा माग काढत दाराकडे वळला आणि त्यानं पत्र्याचं दार धाडकन लावलं. वर्ग हसला आणि तो मुलगा ताठ मानेनं जागेवर येऊन बसला. ते वाक्य त्या वर्गाला मला पुन्हा कधी समजावून सांगावं लागलं नाही.

तो मधला गप्प वेळ फार अवघड जातो. दहा सेकंदही मोठे वाटतात. तरी थांबा. मूल अर्थ लावायला लागतं ते त्या थांबण्यातच.

३. मराठी कुठे वापरायची ते ठरवून घ्या

इंग्रजीच्या तासाला मराठीचा एकही शब्द नको, असा आग्रह कुणी धरला तर घाबरू नका. मराठी ही मुलाची ताकद आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम २९ मध्येसुद्धा शिकवण्याचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावी, असंच म्हटलं आहे. प्रश्न फक्त जागेचा आहे. मी पाळते ती वाटणी अशी: रोजच्या सूचना, शाबासकी, गाणी आणि खेळ इंग्रजीत. नवीन खेळाचे नियम, व्याकरणातला फरक, रडणाऱ्या मुलाची समजूत आणि सुरक्षिततेच्या सूचना मराठीत. गोष्ट सांगताना अडलेला शब्द मराठीत एकदाच सांगावा आणि पुढे जावं.

मुलांना येणारी इंग्रजीही मराठीतूनच आलेली असते. पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारा, ‘तुम्हाला इंग्रजीतले कोणते शब्द येतात?’ बॅट, बॉल, बस, टायर, पंप, मोटर, पाइप, चार्जर, डॉक्टर, शर्ट, ट्रॅक्टर… फळा भरून जातो. ते भिंतीवर इंग्रजी लिपीत लावा. ज्या मुलाला वाटत होतं की आपल्याला काहीच येत नाही, त्याला भिंतीवर आपले पन्नास शब्द दिसतात.

४. अक्षरांच्या नावांआधी आवाज

‘ए फॉर ॲपल’पासून ‘झेड’पर्यंत गाणं येतं, पण तीन अक्षरांचा शब्द वाचता येत नाही, हे प्रत्येक शाळेत दिसेल. कारण साधं आहे. मराठीत ‘क’चं नावही क आणि आवाजही क. इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. त्यातून २६ अक्षरांत चव्वेचाळीसच्या आसपास आवाज बसवायचे असतात. मूल ‘सी-ए-टी’ म्हणून थांबतं, कारण त्या नावांतून ‘कॅट’ निघतच नाही.

म्हणून क्रम बदला. पहिल्यांदा एस, ए, टी, पी, आय, एन ही सहाच अक्षरं घ्या आणि त्यांचे आवाज शिकवा: स्, ॲ, ट्, प्, इ, न्. एवढ्यात पिन, पॅन, टॅप, टिन, सिट, नॅप असे पुष्कळ शब्द तयार होतात आणि मुलं पहिल्याच पंधरवड्यात खरं वाचन करतात.

शिकवताना तीन गोष्टी जपा.

व्यंजनाला शेपूट लावू नका. ‘ट’ नाही, ‘ट्’. शेपूट लागली की ट-ॲ-प जोडताना मुलाच्या तोंडून ‘टअॅपअ’ असं काहीतरी येतं.

बाराखडीचा फायदा घ्या. आपल्या मुलांना ‘कॅ’, ‘पॅ’, ‘टि’ ही एकसंध अक्षरं ओळखीची असतात, तेव्हा पॅ + न, टि + न असं जोडलं की पटकन जमतं. मराठीच्या वर्णमालेत आता ॲ आणि ऑ हे स्वरही आहेत, म्हणजे ‘बॅट’ आणि ‘बॉल’ मधले स्वर मुलांना परके नाहीत. ‘झेड’साठी ‘जाळं’ मधला ज आठवायला सांगा आणि ‘जे’साठी ‘जीव’ मधला.

लहान लिपीतले बी आणि डी उलटे होतात, त्याबद्दल रागावू नका. दोन्ही हातांच्या मुठी करून अंगठे वर करायला सांगा आणि मुठी समोरासमोर आणा. डाव्या हाताचा बी होतो, उजव्याचा डी, आणि मध्ये ई धरला की ‘बेड’ शब्दाचा पलंगच तयार होतो. मुलं परीक्षेत बाकाखाली मुठी करून बघतात. बघू द्या.

*इथला सापळा.* इंग्रजी शब्दांवर पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहिणं. मुलाचं पुस्तक हातात घेतलं की प्रत्येक ओळीवर देवनागरीची बारीक ओळ दिसते. मग डोळे खालची ओळ वाचतच नाहीत, त्यांना गरजच उरत नाही. पालक, मोठी भावंडं, शिकवणीतले शिक्षक, सगळे प्रेमानं हे करून देतात. ते एकदम खोडून टाकू नका, मूल बावरतं. रोज एक ओळ निवडा, ती आवाजांवरून वाचून घ्या आणि वाचता आली की मुलालाच त्यावरचं मराठी खोडायला द्या. खोडरबरचा तो चुरा झटकताना मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी तरी हे करून बघा.

५. एक धडा, तीन तास

पहिल्या तासाला पुस्तक बंद. चित्रं आणि कृती यांतून धड्यातले सहा-सात शब्द कानावर घाला आणि गोष्ट तुमच्या सोप्या इंग्रजीत सांगा. दुसऱ्या तासाला तुम्ही वाचा, मुलं बोट ठेवून ऐकतील. मग जोडीनं वाचन. तिसऱ्या तासाला लेखन, तेही गोष्टीतलं एक वाक्य स्वतःपुरतं बदलून. गोष्टीत ‘आय हॅव अ रेड कॅप’ असेल तर मूल स्वतःच्या वस्तूबद्दल लिहील. मार्गदर्शकातली उत्तरं फळ्यावरून उतरवून घेण्यात एक अख्खा तास जातो आणि त्यातून मुलाच्या हाती काहीच लागत नाही. ते बंद करा.

६. बोलतं करताना कोणत्या चुका धरायच्या

मूल बोलत असताना मध्ये तोडू नका. चूक लक्षात ठेवा आणि उत्तर देताना तेच वाक्य बरोबर म्हणा. बऱ्याच चुका मराठीतून येतात. त्या ओळखता आल्या की चिडचिड होत नाही:

- आपल्याकडे खुर्ची ‘ती’ आणि पंखा ‘तो’, म्हणून मूल खुर्चीला ‘शी’ म्हणतं.
- आपण आदरानं ‘सर येत आहेत’ म्हणतो, म्हणून ‘सर आर कमिंग’. मुलानं अनेकवचन चुकवलेलं नसतं, त्यानं मान दिलेला असतो.
- आपला प्रश्न ‘का’ लावून होतो, म्हणून ‘यू आर कमिंग?’ एवढ्यावरच थांबतं.
- ‘वर’ या एका शब्दात ‘ऑन’, ‘अबाव्ह’, ‘ओव्हर’ आणि ‘अप’ हे चारही मावतात, म्हणून पंखा ‘ऑन द टेबल’ जातो.
- ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच. पहिली-दुसरीला ती गळली तर सोडून द्या.

व्ही आणि डब्ल्यूच्या उच्चारातला फरक, ‘थ’चा नेमका उच्चार यावर पहिल्या वर्षी वेळ घालवू नका. ऐकणाऱ्याला कळतं आहे ना, एवढं बघा. लाजणाऱ्या मुलाला आधी निवडीचा प्रश्न द्या: ‘टी ऑर मिल्क?’ एक शब्द आला तरी ते उत्तर आहे.

७. दोन शिक्षकी शाळा असेल तर

६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता येणारच. अशा वेळी ऐकणं, गाणी आणि गोष्ट सगळ्या इयत्तांची एकत्र घ्या. नंतर काम वेगळं करा: पहिलीला चित्रकार्डं, दुसरीला शब्दपट्ट्या, तिसरी-चौथीला वाक्यं. मोठ्यांना लहानांच्या जोडीला बसवा. माझ्याकडे चौथीतला कच्चा मुलगा पहिलीच्या मुलाला आवाज शिकवता शिकवता स्वतः वाचायला लागला.

८. सेमी वर्ग असेल तर

सेमी म्हणजे मराठी शाळेतच गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. इथे काळजी जास्त घ्या, कारण इंग्रजी कच्ची असली की त्यात गणित आणि विज्ञानही बुडतं. संकल्पना आधी मराठीत नीट समजू द्या, मग इंग्रजी संज्ञा. भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता कायम ठेवा: अपूर्णांक–फ्रॅक्शन, छेद–डिनॉमिनेटर, बाष्पीभवन–इव्हॅपोरेशन. धडा संपल्यावर मुलाला तीच गोष्ट मराठीत समजावून सांगायला लावा. सांगता आली नाही तर ती कळलेली नाही, वहीतली उत्तरं कितीही बरोबर असू देत.

एक बारीक गोष्ट. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात आणि ‘ट्वेंटी फाइव्ह’मध्ये वीस आधी. याच अडचणीवरून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी संख्यानामं आली आणि त्यावर मोठा वाद झाला. सेमीच्या वर्गात दोन्ही पद्धती एकाच डोक्यात असतात, त्यामुळे मूल २५ ऐकून ५२ लिहितं. श्रुतलेखनात संख्या चुकली तर आधी हे तपासा. बऱ्याचदा मुलाचं गणित पक्कं असतं.

९. पालक आणि तपासणी

पालकांना प्रगती दिसते ती कवितेत आणि अक्षरात. ‘बाजूच्या इंग्लिश स्कूलमधला पोरगा फाडफाड बोलतो’ हे वाक्य तुम्ही ऐकणारच. वाद घालू नका. पालकसभेत मुलांना पाठ केलेलं भाषण द्यायला लावण्यापेक्षा पालकांच्याच हातून एक न पाहिलेला शब्द फळ्यावर लिहून घ्या आणि मुलांना वाचू द्या. एका सभेत एका वडिलांनी ट्रकच्या मागे रोज बघत असलेला ‘हॉर्न’ लिहिला आणि त्यांच्या दुसरीतल्या मुलीनं आवाज जोडत जोडत तो वाचला. त्यानंतर त्या घरातून शिकवणी बंद झाली.

अधिकारी आले की टाचण (रोजच्या पाठाचं लेखी नियोजन) आणि नोंदी मागतात. तिथे तुमची ती नोंदवही कामाला येते. रोज पाच मुलांची एकेक ओळ लिहा: आज काय समजलं, काय बोललं, कुठे अडलं. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदी त्यातूनच निघतात, सत्राच्या शेवटी बसून रचाव्या लागत नाहीत. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात तृतीय भाषेचे, म्हणजे आपल्या मुलांसाठी इंग्रजीचे, २५ प्रश्न ५० गुणांना असतात. त्याची तयारी वेगळी करावी लागेल, पण ती वाचता येणाऱ्या मुलांकडूनच होईल.

१०. स्वतःची इंग्रजी

‘मलाच येत नाही, मी काय शिकवू?’ हा प्रश्न मनात असेल तर तो लपवू नका. पहिली ते पाचवीच्या वर्गात लागणारी इंग्रजी मर्यादित आहे आणि सहा महिन्यांत तयार होते. उद्याच्या तासाला बोलायची आठ वाक्यं आदल्या रात्री मोठ्यानं म्हणा. दीक्षावरचा धडा दोनदा ऐका. एखाद्या शब्दाचा उच्चार माहीत नसेल तर मुलांसमोर ‘लेट अस चेक’ म्हणा आणि मोबाइलवर ऐकवा. मुलांचा तुमच्यावरचा विश्वास त्यानं कमी होत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो बरोबरीच्या शिक्षकांचा. २०१६ पासून राज्याचा शिक्षण विभाग, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी ९ जिल्ह्यांत ‘तेजस’ प्रकल्प राबवला. त्यात इंग्रजी शिकवणारे शिक्षक ‘टॅग’ नावाच्या लहान गटांत जमून एकमेकांना आपले अनुभव सांगायचे आणि त्या निमित्तानं इंग्रजीत बोलायचे. तुमच्या केंद्रात असा गट नसेल तर शिक्षण परिषदेच्या (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीच्या) दिवशी जेवणाच्या सुट्टीत चार-पाच जणांनी वेगळं बसायचं ठरवा. प्रत्येकानं वर्गात केलेली एक कृती सांगायची, तीही इंग्रजीत, चुकत-माकत. पहिल्या बैठकीला मी दोन वाक्यं बोलले आणि घाम पुसत बसले. त्या बैठकीतल्या तीन मैत्रिणी आजही रात्री साडेनऊला फोनवर दहा मिनिटं इंग्रजीत बोलतात. तुम्हीही एखादी अशी व्यक्ती शोधा आणि पहिला फोन याच आठवड्यात करा.